अण्णांच्या मापवह्या : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२४

हातात काय काय आहे ते आधी लिहून ठेवते. एकोणचाळीस मापवह्या. पहिलीच्या पुठ्ठ्यावर "१ ऑगस्ट ६४ पासून", शेवटचीवर नुसतं "२०१७". एका पिशवीत सुटी पानं. पावतीपुस्तकांच्या काही स्थळप्रती. दोन कात्र्या, लाकडी गज, गुण्या, कोळशाची इस्त्री, पायमशीन आणि दुकानाची पत्र्याची पाटी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जानेवारीत गेले. सांगलीच्या गावभागातला त्यांच्या शिंपीकामाचा गाळा जुलैअखेर मालकाच्या ताब्यात द्यायचाय, तेव्हा हे सगळं घरी येणार.

दादाचं म्हणणं, वर्षश्राद्धाला एक स्मरणिका काढू. नातेवाइकांकडून चार-चार ओळी, मध्ये रंगीत फोटो. मी नको म्हणाले. "प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ" हे तीन शब्द रोज पेपरातल्या निधन वार्तेत कुणाच्या तरी नावापुढे असतातच. अण्णांनी आयुष्यात डायरी लिहिली नाही, पत्र लिहायचं तर आईला पुढे करायचे. पण साडेपाच दशकं रोज काही ना काही लिहिलं ते या वह्यांत. म्हणून काम ठरलं ते असं : सगळ्या पानांचे फोटो काढायचे, जे वाचता येईल ते तक्त्यात भरायचं, आणि त्यातून घरच्यांची मापं वेगळी काढायची. दादा पुण्याहून तक्त्याची बाजू सांभाळेल. फोटो आणि वाचन माझ्याकडे.

फायलींची नावं : वही, पान, बाजू. "०७-०३२-उ" म्हणजे सातवी वही, बत्तिसावं पान, उजवी बाजू. याहून हुशार पद्धत नको. सहा महिन्यांनी आपल्यालाच समजली पाहिजे.

१६ जून २०२४

वह्यांची प्रकृती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. दुकानात माळ्याच्या खालच्या फळीपर्यंत पाणी होतं. वरच्या फळीवरच्या वह्या कोरड्या राहिल्या, खालच्या फळीवरच्या, म्हणजे साधारण अठरा ते एकतीस, भिजल्या. अण्णा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे. पाणी उतरल्यावर त्यांनी आधी मशीन नाही, वह्या उचलल्या. पंख्याखाली पानं उघडून ठेवली आणि जरा सुकल्यावर वर्तमानपत्र मध्ये घालून कोमट इस्त्री फिरवली. पुस्तकं वाचवणारी तज्ज्ञ मंडळी याला काय म्हणतील देव जाणे, पण पानं सपाट आहेत आणि एकमेकांना चिकटलेली फारच थोडी.

शाईनुसार नशीब वेगळं. पेन्सिल जशीच्या तशी. बॉलपेन बहुतेक वाचतं. शाईच्या पेनाचं लिखाण निळं ढग होऊन पसरलंय. काही पानं कॉपिंग पेन्सिलीची आहेत, ती पाणी लागताच जांभळी होते. त्या पानांवर आकड्यांभोवती जांभळी झाक आहे, मात्र आकडा आतून स्पष्ट दिसतो. जिथे बॉलपेनची शाईसुद्धा धुवून गेलीय तिथे टेबलदिवा पानाच्या जवळजवळ पातळीत, आडवा धरायचा. टोकानं दाबलेल्या खाचांत सावली पडते आणि आकडा उठून येतो. अण्णा जोर लावून लिहायचे, त्याचा आज उपयोग.

२९ जून २०२४

प्रत्येक मापाशेजारी कापडाचा तुकडा, दोन बोटं रुंद, टाचणीनं किंवा स्टेपलच्या पिनेनं लावलेला. गिऱ्हाइकाचं कापड कुठलं यात घोळ होऊ नये म्हणून. पिना गंजल्यात, ओढल्या की कागद फाटतो. त्यामुळे पान उलटं करून पातळ पात्यानं पिनेचे पाय सरळ करायचे, मग पुढून अलगद उचलायची. तुकडा पातळ कागदाच्या पाकिटात, पाकिटावर पानाचा क्रमांक. यात फार वेळ जातोय आणि जाऊ दे.

तुकडे नुसते चाळले तरी अर्धशतकाचं कापड बाजारात मांडल्यासारखं दिसतं. पहिल्या वह्यांत पॉपलीन, लट्ठा, लेंग्यांसाठी मांजरपाट, थोडी खादी. मग एकदम टेरिकॉट, आणि सफारीची जाड कापडं : पिस्ता, बदामी, आकाशी. पुराच्या पाण्यातून टेरिकॉट जसंच्या तसं बाहेर आलंय, रंगसुद्धा उडालेला नाही. सुती तुकड्यांवर बुरशीचे काळे ठिपके. आई बघून म्हणाली, "टेरिकॉट तेव्हाही असंच होतं. अंगात घाम जिरायचा नाही, पण दहा वर्षं फाटायचं नाही."

७ जुलै २०२४

मिरजेहून चाचा आले. चाचा म्हणजे अण्णांकडे पोरवयात काज-बटणाला लागले ते दुकान बंद होईपर्यंत होते. मधली पंचवीसेक वर्षं कापण्याचा टेबल अण्णांचा आणि मशीन चाचांचं. त्यांच्याशिवाय वह्या म्हणजे नुसते आकडे. अण्णा कुठलं माप कुठलं हे लिहायचेच नाहीत. उभा रकाना, ठरलेला क्रम.

चाचांनी क्रम सांगितला. शर्ट : उंची, खांदा, बाही, छाती, पोट, गळा. पँट : उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोरी (पायाचा खालचा घेर). शर्टाच्या रकान्यात तिसरा आकडा नऊ-दहा असेल तर अर्धी बाही, तेवीस-चोवीस असेल तर पूर्ण. अपूर्णांक सगळे जुन्या पद्धतीनं : १७। म्हणजे सव्वासतरा, १७॥ साडेसतरा, १७॥। पावणेअठरा. दादानं फोटोवरून आकडे ओळखणारं एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं. त्यानं प्रत्येक काडीला एक समजून १७॥ चे एक हजार सातशे अकरा केले. एवढ्या खांद्याचा माणूस सांगलीत झाला नसावा. तेव्हा आकडे हातानंच भरायचे.

रकान्याच्या बाजूला बारीक अक्षरांत शेरे आहेत. "उ. खां. ॥ उतरता" : उजवा खांदा अर्धा इंच खाली. "पु. वाक" : माणूस पुढे झुकून चालतो, तेव्हा मागची उंची वाढवायची. "खिसा मोठा, चष्मा." "घाई, मुलगी पाहणे." आणि जागोजागी "मा. १", "मा. २".

"मा. म्हणजे?" मी विचारलं.

"माया. आत शिवणीला सोडतात ती. गिऱ्हाइकाला एक इंच. जास्त सोडली की कपडा आतून जाड होतो, मास्तरांना ते पटायचं नाही."

चाचा अण्णांचं नाव कधी घेत नाहीत. मास्तरच. त्यांचं लग्न ठरलं तेव्हाची शेरवानी मास्तरांनी कापली होती, तिचं पान सापडलं तर हवंय म्हणाले. यादीत घेतलं.

२१ जुलै २०२४

सुट्या पानांची लावणी. यांना ना वही ना तारीख. पण पँटची मोरी हा चांगला पंचांग निघाला. पहिल्या वह्यांत मोरी चौदा-पंधरा इंच, चिंचोळी. त्र्याहत्तरपासून ती फुगत जाते आणि पंचाहत्तर-शहात्तरला बावीस, चोवीस, एका कॉलेजकुमाराची सव्वीस. बेलबॉटमचा काळ. ऐंशीनंतर खाली येऊन सोळाच्या आसपास थांबते. सुट्या पानांवरच्या मोऱ्या बघितल्या की पान कुठल्या दोन-तीन वर्षांतलं ते कळतं. कापडाचा तुकडा असेल तर आणखी खात्री.

सव्वीसवाल्यापुढे अण्णांचा शेरा : "वडिलांना विचारून."

२८ जुलै २०२४

कृष्णा चढतेय. गाळा आजच रिकामा केला, दोन दिवस आधी. सगळं घरी, वरच्या मजल्यावर. मशीन चौघांनी उचललं.

१५ ऑगस्ट २०२४

आज सुट्टी, त्यामुळे वह्या उलट्या बाजूनं बघायला वेळ मिळाला. घरच्यांची मापं अण्णा पुढून लिहायचेच नाहीत. वही उलटी करून शेवटच्या पानापासून. पुढून गिऱ्हाइकं येतात, मागून घर येतं, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे वही संपते. दोन-तीन वह्यांत मधे एकही कोरं पान उरलेलं नाही.

सहाव्या वहीत मागून पहिलं पान, मे १९६८ : त्यांच्याच लग्नाचा कोट. स्वतःचं माप स्वतःच्या अक्षरात. छाती ३४, कंबर २९॥. खाली "कापड सासऱ्यांकडून. शिलाई नाही." आई हसून हसून बेजार. म्हणाली, त्या शिलाईचे पैसे तिच्या वडिलांनी देऊ केले होते, ते यांनी घेतले नाहीत, आणि तरीही हिशेबात नोंद केलीच.

मग आईची पोलकी. अण्णा जेंट्स टेलर. पाटीवर तसं लिहिलेलं. बायकांचे कपडे घ्यायचे नाहीत, अपवाद घर : आई, आजी, आत्या. मग सत्तर साली दादाचं पहिलं झबलं. माप नाही, नुसतं "झ." आणि तुकडा, आजीच्या नऊवारीचा. तिथून पुढे दर वर्षी जूनमध्ये गणवेश आणि आश्विनात दिवाळीचे कपडे. उंची, छाती, बाही. आमची वाढ दर सहा महिन्यांना इंचाच्या पावापर्यंत लिहिलेली आहे. डॉक्टरकडेसुद्धा एवढी नोंद नसेल.

आणि मग सतरावी वही, दिवाळी १९८२.

काका परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि कित्येक गिरण्या पुन्हा कधी पूर्ण चालल्या नाहीत. आमच्याकडच्या किती घरांतली माणसं तिथे होती : सातारा, सांगली, कोल्हापूर, सगळा कोकण. काही महिने काकांनी खोली धरून ठेवली. पावसाळ्यात काकू आणि तिन्ही मुलं सांगलीला आली. मी नऊ वर्षांची होते. मला त्या दिवसांचं आठवतं ते एवढंच की झोपायला जागा कमी आणि खेळायला माणसं जास्त.

वहीत ते असं दिसतं. १९८१ च्या दिवाळीच्या पानावर मुलांचे दोन रकाने. १९८२ च्या पानावर पाच. वर एकच शेरा, "ताका, इचल." इचलकरंजीहून आणलेलं चौकड्याचं कापड, एकच ताका, सगळ्यांना. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग आहेत आणि सांगलीहून एसटीनं तासाभराचा रस्ता. दुकानदाराकडून घेण्यापेक्षा थेट मागावरून स्वस्त पडायचं. शेजारी अण्णांनी पेन्सिलीनं आकृती काढलीय : छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडावर तीन शर्ट आणि दोन फ्रॉक कसे बसवायचे ती. खाली "७। मी."

फोटो चाचांना पाठवला. त्यांचा फोन आला, पंधरा मिनिटं त्या आकृतीवरच बोलत होते. साध्या हिशेबानं पाच मुलांना साडेआठ-नऊ मीटर लागलं असतं. मास्तरांनी मोठ्या शर्टाच्या मुंढ्याच्या कापात धाकट्याची कॉलर बसवलीय. फ्रॉकचा घेर आडवा न घेता उभा घेतलाय, आणि चौकडा जुळावा म्हणून खिसे तिरपे. "तिरपा खिसा फॅशन म्हणून नाय गं. सरळ लावला तर चौकडा जुळवायला कापड जास्त लागतं. तिरपा असला की जुळला नाय जुळला, कोण बघतंय!"

मला ते तिरपे खिसे आठवतात. शाळेत भाव खाल्ला होता त्यावर.

पाचही रकान्यांपुढे माया लिहिलीय. आम्हा दोघांना "मा. ३". काकांच्या तिघांना "मा. ३".

काकू आणि मुलं आमच्याकडे चार वर्षं होती. काका नंतर साखर कारखान्यात हंगामी लागले, मग विश्रामबागेला खोली घेतली. त्यानंतरही पाच रकाने तसेच चालू राहतात, थेट १९९० पर्यंत. फक्त कापडं वेगळी होत जातात.

८ सप्टेंबर २०२४

गणपतीत काम बंद. चुलतभाऊ आला होता, त्याला सतराव्या वहीतलं पान दाखवलं. त्यानं मोबाइलवर फोटो घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा शर्ट तुझ्या फ्रॉकच्या उरलेल्यातला होता हे आत्ता कळलं." भांडण चाळीस वर्षं उशिरा झालं.

२२ सप्टेंबर २०२४

एक कोडं सुटलं. फोटोंमध्ये अण्णांचे कपडे कायम विचित्र. स्वतः एवढे चांगले शिंपी, आणि अंगावर कधी मोठ्या फुलांचा शर्ट, कधी भडक जांभळी पट्टी. स्वभावाशी काही मेळ नाही. आम्हाला लहानपणी वाटायचं, यांना रंगांचं कळत नाही.

तसले फोटो आणि त्याच काळातल्या वह्या शेजारी ठेवून तुकडे लावून पाहिले. फुलांचा शर्ट : वही २४, पान ६०. वरती शेरा "न्यायला आले नाहीत". जांभळी पट्टी : वही २५, "न्या. आ. ना." पुढे हा शेरा एवढा वेळा येतो की त्याचं "न." झालं. दुकानात पाटी होती, तीन महिन्यांनंतर कपड्यांची जबाबदारी नाही. चाचा सांगतात, मास्तर तीन महिने नाही, दोन दिवाळ्या थांबायचे. माणूस आजारी असेल, बदली झाली असेल, पैशाची अडचण असेल. दुसऱ्या दिवाळीनंतर कपडा उसवून स्वतःच्या मापाचा करायचे. विकायचे नाहीत, कारण त्यावर कुणाचे तरी आगाऊ दिलेले पैसे असायचे आणि कापड तर त्याचंच. वापरताना मात्र चालायचं, कारण तो माणूस आलाच तर अंगातून काढून देता येईल!

हे शेवटचं वाक्य चाचांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. असं एकदा खरंच झालं होतं म्हणे. एक गृहस्थ तीन वर्षांनी पावती घेऊन आले. अण्णांनी दुसऱ्या दिवशी शर्ट धुऊन, पुन्हा त्यांच्या मापाचा करून, इस्त्री करून दिला. पावती सापडली, स्थळप्रतही. त्यावर अण्णांनी उरलेल्या पैशांपुढे शून्य लिहिलंय.

आईला विचारलं, तू कधी बोलली नाहीस त्यांना, स्वतःला एक बरा शर्ट शिवा म्हणून? ती म्हणाली, "दर दिवाळीला. दर दिवाळीला म्हणायचे, पोरांचं झालं की." दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकान रात्री दोन-दोनपर्यंत चालायचं, लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत लोक कपडे न्यायला यायचे. आमचे कपडे पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी तयार असायचे, कधी बटणं आई उटणं बाजूला ठेवून लावायची. त्यांचा नंबर कधी यायचाच नाही, यात त्याग वगैरे फार नसावा. वेळच नव्हता.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. अण्णांच्या हयातीत कात्र्या, गज आणि मशीन यांची पूजा दुकानात व्हायची, झेंडूची माळ आणि मशीनच्या चाकाला हळदकुंकू. यंदा घरी.

पूजेआधी मशीन साफ करायचं होतं. पुरानंतर अण्णांनी दुसरं मशीन घेतलं आणि हे तसंच राहिलं होतं. चाचांचा मुलगा आला. सुईपट्टी आणि शटल काढून रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, दातांमधला चिखल आणि धाग्यांचा लगदा टोचणीनं काढला, मग सगळ्या भोकांत मशीनचं तेल. चाक सुरुवातीला हलेना, जबरदस्ती केली नाही. रात्रभर तेल मुरू दिलं, सकाळी फिरलं. चामड्याचा पट्टा कुजलेला होता, तो नवा.

सिंगरचं मशीन. बुडाशी नंबर आहे, सुरुवातीला "ई ई" ही दोन अक्षरं. कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नंबराआधी अक्षरं घालायला सुरुवात केली, त्यावरून मशीन कुठं आणि साधारण केव्हा बनलं ते कळतं. ही अक्षरं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मशीन अजून टीप घालतंय. अण्णांनी ते मिरजेच्या उस्तादांकडून जुनं घेतलं, पैसे हप्त्यांनी फेडले. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्या हप्त्यांच्या उभ्या रेघा आहेत, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत, शेवटच्या गठ्ठ्यावर आडवी काट.

मोठ्या कात्रीला धार लावायला द्यायची का यावर चर्चा. चाचांनी हातात घेऊन हवेत उघडझाप केली आणि म्हणाले, "हिला हात लावू नका. ही मास्तरांच्या हातानं झिजलीय, दुसऱ्याच्या हाताला कापणारच नाही." तसं शास्त्रीय काही नसेल. पण उजव्या अंगठ्याच्या कडीत पितळ एका बाजूनं खरोखर पातळ झालंय. कात्री तशीच ठेवली.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज. दादा, वहिनी, मुलं, काकू, चुलतभावंडं, आत्या, सगळे आमच्याकडे. घरच्या मापांचा तक्ता पहिल्यांदा भिंतीवर लावला. दादानं प्रत्येकाची उंचीची रेघ वेगळ्या रंगात काढलीय. माझी रेघ ८४ ते ८६ मध्ये एकदम वर जाते. दादाची ८५ नंतर सपाट होते, त्यावर सगळ्यांनी त्याला पुरेसं छळलं.

काकू तक्त्याजवळ उभी राहून बोटानं वर्षं मोजत होती. तिचं एकच वाक्य : "मुंबईला होतो तेव्हाची यांची मापं नाहीत, नाही का?" नाहीत. १९८२ आधीची तिन्ही मुलांची जागा कोरी आहे. आत्याला तिच्या पोलक्यांची मापं सगळ्यांसमोर लावलेली आवडली नाहीत, आणि तिचं बरोबर आहे. बायकांची मापं तक्त्यावरून काढली. ती वेगळ्या फायलीत, जिची तिला.

गिऱ्हाइकांच्या पानांचं काय करायचं तेही आजच ठरवलं. मूळ वह्या घरी. फोटो दादाकडे आणि माझ्याकडे. नावांसकट पानं कुणाला पाठवायची नाहीत. स्वतःचं माप मागायला कुणी आलं तर त्याचं त्याला द्यायचं.

५ नोव्हेंबर २०२४

रंगभूमी दिन. योगायोगानं आज अकराव्या वहीतली नाटकाची पानं भरली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून या गावाला ते वेड आहे, आणि हौशी मंडळी अंगरखे-बाराबंद्या शिवायला अण्णांकडे यायची. इथल्या शेऱ्यांत अण्णांचा आवाज जरा मोकळा आहे. "सरदार, पोट लपवणे." "बाराबंदी, बंद पटकन सुटले पाहिजेत, अंक २." आणि एका राजाच्या झग्यापुढे : "उधारी. राजा असून."

१ डिसेंबर २०२४

शेवटच्या वह्या. यात लिहिण्यासारखं कमी आहे आणि तेच दिसतं. नव्वदीच्या मध्यापासून नवे रकाने विरळ. तयार कपडे आले. आधी तरुण गेले, मग त्यांचे वडील. दोन हजार दहानंतर पानंच्या पानं "उंची कमी", "चेन", "कंबर सैल". कापडाचे तुकडे नाहीत, कारण कापडच नाही. वही २०१७ ची, ती २०२१ पर्यंत पुरली.

पण मागची बाजू चालू आहे. नातवंडं. दादाच्या मुलाचा मुंजीतला सदरा, माझ्या मुलीचा परकर-पोलका. मुलीचं शेवटचं माप २०२० चं, मास्क! लांबी ७, उंची ५॥, "कान त्रास, नाडी मऊ". आणि पुढे "मा." काही नाही. मास्कला कशाला लागेल.

चाचांच्या शेरवानीचं पान सापडलं, वही १५. पुरात भिजलेली नाही. छाती ३३. चाचांना फोन केला. ते म्हणाले, "तेहतीस? मास्तरांनी चुकून पोराचं लिहिलं असेल."

८ डिसेंबर २०२४

फोटो पूर्ण. तीन प्रती : दादाकडे, माझ्याकडे, एक हार्डडिस्क आत्याच्या कपाटात. मिरजेला पूर येत नाही असं तिचं ठाम मत आहे. न वाचलेली पानं तक्त्यात लाल रंगात आहेत, त्यांवर आडवा दिवा टाकून पुन्हा बघायचं, वर्षश्राद्धानंतर.

दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. अण्णांचे जुने गिऱ्हाईक, वह्यांबद्दल चाचांकडून कळलं होतं. त्यांना त्यांचं माप हवं होतं. मी म्हटलं, अहो, जुनं माप काय कामाचं? ते म्हणाले, माप नको, शेरा हवाय. अण्णा गेल्यापासून दोघा शिंप्यांकडे शर्ट शिवले, दोन्हींची उजवी बाजू लोंबते, आणि काय बिघडतंय ते कुणाला सांगता येत नाही. नाव शोधलं : वही २३, पान ४१. "उ. खां. ॥ उतरता." जुलैत चाचांनी क्रम लावून दिला तेव्हा नमुना म्हणून वाचलं होतं तेच पान.

कापड त्यांच्या पिशवीतच होतं. चाचांनी इथेच, जेवणाच्या टेबलावर कापलं. अण्णांच्या कात्रीनं नाही, स्वतःच्या. चाचांच्या मुलानं त्याच मशीनवर टीप मारली. शर्ट अंगात घालून ते शिक्षक आरशासमोर उभे राहिले. दोन्ही खांदे एका रेषेत. मग त्यांनी वरचं बटण लावायचा प्रयत्न केला.

"गळा आवळतोय हो."

"आवळणारच," चाचा म्हणाले, "शहाण्णवचा गळा आहे." आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी टेप लावली, कानावरची पेन्सिल काढली आणि मूळ वहीत, अण्णांच्या १५ च्या शेजारी, १६। लिहून खाली तारीख टाकली.

तक्त्यात त्या ओळीला आणखी एक रकाना वाढवलाय. पान ४१ चा फोटो उद्या पुन्हा काढायचा.